मधल्या पाटीवर नवं गाव

फक्कीची पिशवी कोपऱ्यात फाटलेली आहे, म्हणून दोघी जणी मिळून ती धरतात. एक उलट्या पावलांनी मागं सरकते, दुसरी फाटक्या कोपऱ्यावर बोट दाबून धार बारीक ठेवते. काळ्या मातीवर पांढरी रेघ उतरत जाते. तिसरी सुतळी ताणून उभी आहे. रेघ जरा हलली की ती ओरडते, "वाकडी चालली वं! इकडं घे, इकडं!"

डिसेंबरातली दुपार कलते आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या बाभूळगाव तालुक्यातलं हे एक पुनर्वसित गावठाण. खडक सावंग्याजवळ बेंबळा नदी अडवली आणि जी गावं पाण्याखाली गेली, त्यांतलं एक इथं, जरा उंचावर, आणून बसवलेलं आहे. गावाचं आणि मुलींचं नाव मी लिहीत नाही. पोरी अजून शाळेत आहेत आणि त्यांच्या घरच्या गोष्टी इथं यायच्या आहेत, एवढं कारण पुरे.

खो-खोचं मैदान म्हणजे शाळेमागची मोकळी जागा. निम्म्या भागात मुरूम टाकलेला, निम्मी तशीच काळी जमीन. पावसाळ्यात तिथं पाय रुततो आणि हिवाळा लागला की तिला भेगा पडतात. पोरींनी सकाळीच त्या भेगांत मुरूम भरून वरून पाणी मारलं आहे. मधल्या पाटीच्या दोन्ही टोकांना दोन खांब आहेत. एक नवा, सुताराकडून रंधा मारून आणलेला. दुसरा जुन्या गावातल्या एका घराच्या मयालीचा तुकडा. गाव सोडताना लोकांनी दारं, चौकटी, कवेलू, लाकडं जमेल तेवढी गाडीत घालून आणली होती, त्यातलंच हे सागवान. ते घासूनपुसून गुळगुळीत केलं आहे, कारण धावणारी मुलगी खांबाला हात घालून गरकन वळते तेव्हा लाकडाची कूस तळहातात शिरते. उंची नियमाप्रमाणं आहे, १२० सेंटिमीटरच्या वर आणि १२५ च्या आत. एक मुलगी शाळेतली पट्टी लावून मला ती मोजून दाखवते.

शाळेच्या पायरीवर एक आजोबा बसले आहेत. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत फाइल. धरणातून उठलेल्या गावात अशी फाइल प्रत्येक घरात असते. भूसंपादनाची नोटीस, मोबदल्याचा कागद, प्लॉटचा ताबा, प्रकल्पग्रस्त असल्याचा दाखला.

"मैदान द्याच लागते त्यायले," ते मला सांगतात. "अठरा नागरी सुविधा हायेत. पाणी, रस्ता, लाइट, स्मशानभूमी, समाजमंदिर, गुरायले गोठाण. जिथं शाळा लिहिली तिथंच मैदान लिहिलं. मले पाठ हाये."

आजोबांना ती यादी पाठ आहे आणि ती बरोबर आहे. धरणापायी उठवलेल्या माणसांचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर १९२१ साली त्यासाठी सत्याग्रह केला. राज्याचा पुनर्वसनाचा पहिला कायदा मात्र १९७६ साली आला, मग १९८६ चा, मग १९९९ चा. नव्या गावठाणात शाळेबरोबर खेळाचं मैदान असलं पाहिजे, हे त्यात आहे. केंद्राच्या २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतही मुलांच्या मैदानाची वेगळी नोंद आहे. कायदा लिहिणाऱ्या कुणाला तरी हे कळलं होतं की नुसत्या घरांनी गाव होत नाही.

"आमच्या गावात वेटाळं होती," आजोबा पुढं म्हणतात. "पाटलाचं वेटाळ, कुंभाराचं वेटाळ. इथं लाइनी हायेत. पह्यली लाइन, दुसरी लाइन. कोनाले इचारलं कुठी राह्यतं, तं तो नंबर सांगते."

लाइनी सरळ आहेत. रस्ते जुन्या गावाच्या बोळांपेक्षा रुंद आहेत. काही घरं दोन मजली, काही अजून टिनाची. पैसा आला तसा कुणाचा मोटारसायकलीत गेला, कुणाचा लग्नात, कुणाचा दवाखान्यात. ज्यांनी दुसरीकडे शेत घेतलं ते सावरले. बाकीचे मजुरीला जातात. आत्ताही रस्त्यावरून बाया परतताहेत, कमरेला कापूस वेचायची ओटी अजून बांधलेली, डोक्यावर दुपारच्या भाकरीचं रिकामं गठुडं. त्यांतल्या दोघी-तिघी मैदानाच्या कडेला थांबतात, पोरगी दिसते का बघतात आणि मग घराकडे वळतात. एक मात्र खालीच बसते.

मी तिच्या शेजारी बसतो. तिची मुलगी आठवीत आहे. मुलगी या नव्या गावातच जन्मली, आईनं मात्र जुनं गाव पाहिलं आहे. लग्न होऊन आली तेव्हा नदी दारात होती, धुणं घाटावर व्हायचं, तिथं साऱ्या गावच्या बाया भेटायच्या. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्या घराचं जोतं दिसतं, ती सांगते. एकदा जाऊन पाहिलं, पुन्हा गेली नाही.

"पोरीले बाहेर काढाचं भेव वाटे," ती म्हणते. "जुन्या गावात कोन कोनाचा हे माहीत राहे. इथं बाजूच्या लाइनीत कोन आलं, कोनाचा पोरगा, काही पत्ता नाही. शाळा सुटली का सीधी घरी. मीच म्हनो तिले."

गाव हललं की पुरुषाला निदान कचेरीच्या फेऱ्या असतात, पानठेला असतो, मोटारसायकल असते. बाईचा घाट जातो आणि मुलीचं अंगण जातं. विदर्भात कोजागिरीपर्यंत भुलाबाई चालते. मुली एका घरून दुसऱ्या घरी जातात, गाणी म्हणतात, डब्यातली खिरापत ओळखायला लावतात. कुठल्या घरात किती माणसं, कुणाची सून माहेरी गेली, कुणाकडं म्हैस व्याली, हे मुलींना तिथंच कळतं. या गावठाणात कितीतरी वर्षं प्रत्येक लाइनीची भुलाबाई त्या लाइनीतच राहिली, पलीकडं गेली नाही. आई सांगते, यंदा ती चारही लाइनींत फिरली, कारण या खो-खोच्या पोरींनी ती फिरवली. हे ती सहज सांगते. मला मात्र आज ऐकलेल्या सगळ्या बातम्यांत ही सर्वांत मोठी वाटते.

"बसा!" ताईचा आवाज येतो.

सगळ्या तिला ताई म्हणतात. ती याच गावची. गाव हललं तेव्हा ती प्राथमिक शाळेत होती. अमरावतीला शारीरिक शिक्षण शिकली, सकाळी तालुक्याच्या एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते आणि संध्याकाळी इथं येते. इथल्या तासाचा तिला काही मोबदला नाही. अमरावतीत खो-खो आणि कबड्डीची मुळं खोल आहेत. तिथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. ती परंपरा अशी एकेका मुलीच्या हातून खेड्यापर्यंत पोचते, तेव्हा तिची किंमत मला अधिक वाटते.

आठ जणी मधल्या पाटीवरच्या चौकोनांत उकिडव्या बसतात. एकीचं तोंड शाळेकडे, शेजारणीचं पऱ्हाटीच्या वावराकडे, पुढचीचं पुन्हा शाळेकडे. नववी खांबापाशी उभी. हा खेळाचा नियम. ताईचा स्वतःचा आणखी एक नियम आहे, एका लाइनीतल्या दोघी शेजारी बसायच्या नाहीत. म्हणून गावठाणातल्या मुलीशेजारी पलीकडच्या गावची, तिच्याशेजारी तांड्यावरची, मग पुन्हा गावठाणातली.

पलीकडचं गाव म्हणजे ज्यांच्या शिवारात हे गावठाण बसलं ते गाव. नवं गावठाण हवेत बसत नाही, कुणाची तरी जमीन त्याच्यासाठी जाते. तेव्हा ज्यांचं घर गेलं ते एका बाजूला आणि ज्यांचं वावर गेलं ते दुसऱ्या बाजूला, असे दोन दुखावलेले शेजारी समोरासमोर येतात. विहिरीवरून बोलाचाली होते, गुरं चारण्यावरून होते, मयत कुठल्या वाटेनं न्यायची यावरूनही होते. आणि प्रत्येक गावाच्या पोटात जात आहेच. या पाटीवर कुणब्याची मुलगी आहे, बौद्ध आहे, गोंड आहे, बंजारा आहे. मी त्या लिहून काढतो आहे, ताई तसं करत नाही. ती फक्त बसायच्या जागा ठरवते.

शिट्टी वाजते. तीन धावणाऱ्या आत येतात.

पाठलाग करणारी खांबापासून निघते. एकदा दिशा घेतली की मागं वळायचं नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. धावणारी मात्र बसलेल्यांच्या मधून कुठूनही निसटू शकते. म्हणजे एकटीनं कितीही पळून उपयोग नाही. पलीकडे गेलेलीला पकडायची तर तिकडं तोंड करून बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीला मागून हात लावायचा, स्पष्ट "खो" म्हणायचं आणि तिची जागा घेऊन खाली बसायचं. शब्दाआधी उठली तर फाऊल, हात न लावता उठली तरी फाऊल.

पहिल्याच मिनिटाला फाऊल होतो. पलीकडच्या गावची एक उंच मुलगी खो मिळायच्या आतच उठते.

"तिच्यावर भरोसा नाही का तुला?" ताई विचारते. "ती येईलच. हात लागू दे."

उंच मुलगी मान हलवते, पुन्हा बसते. तिच्या पाठीमागून येणारी तांड्यावरची पोर सातवीतली, काटक, केसांना लाल रिबीन. आता ती येते, हात टेकवते, "खो!" उंच मुलगी सुटते. दोन ढांगांत ती धावणारीच्या मागं, मग खांब, धावणारी खांबाला वळसा घालते आणि हिनं सूर मारलेला असतो. अंग पूर्ण आडवं, एक हात खांबाच्या पलीकडे. बोटं धावणारीच्या टाचेला लागतात. बाद.

काठावरच्या बाया ओरडतात. माझ्या शेजारची आईसुद्धा. आपली मुलगी बाद झाली हे तिला क्षणभरानं लक्षात येतं, तरी ती हसतच असते.

उंच मुलीचं कोपर खरचटलं आहे. मुरूम लागून रक्त आलं आहे. बाद झालेली मुलगीच पाण्याची बाटली घेऊन येते, कोपर धुते, खिशातली हळद लावते. दोघींमध्ये मोजकंच बोलणं होतं.

"लय लागलं का?"

"नाही वं. तू खांबावर हळू होते, म्हनून."

असं खेळातून माणसं जवळ येतात, हे जगभर अनेकांनी करून पाहिलं आहे. अमेरिकेत अटलांटाजवळच्या क्लार्कस्टन गावात जॉर्डनहून आलेल्या लुमा मुफलेह यांनी २००४ साली निर्वासितांच्या मुलांचा फुटबॉल संघ बांधला, पुढं त्यातून शाळा उभी राहिली. आपल्याकडे सरहद्द ओलांडून आलेले लोक विदर्भातही आहेत. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे, गडचिरोली आणि चंद्रपुरात पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांची गावं आहेत. या पाटीवरच्या पोरींनी सरहद्द ओलांडलेली नाही, आपल्याच तालुक्यात त्यांचं गाव हललं. पण आईची भीती आणि बंद दार पाहिलं तर त्यांच्यात आणि यांच्यात मला फार फरक दिसत नाही.

मुंब्र्याची गोष्ट मी ताईला सांगतो. १९९२–९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबं जीव मुठीत घेऊन तिथं गेली आणि मुंब्रा फुगत गेलं. तिथं 'परचम' या गटानं २०१२ च्या सुमारास मुलींचा फुटबॉल सुरू केला. मैदान मुलींना मिळेना, तेव्हा त्यांनी मैदान मुलींसाठी राखून ठेवा म्हणून सह्यांची मोहीम काढली. वेगवेगळ्या धर्मांच्या, वस्त्यांच्या मुली एका संघात खेळवल्या. ताई लक्ष देऊन ऐकते. मग एकच प्रश्न विचारते, "मैदान कितीला रिकामं मिळायचं त्यांना?" मला त्याचं उत्तर देता येत नाही. प्रश्न मात्र तोच खरा आहे. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या मुलांचा फुटबॉल उभा केला, 'झुंड' चित्रपटामुळे ते घराघरांत माहीत झालं. त्यांच्या 'स्लम सॉकर' या संस्थेनं पुढं मुलींसाठी वेगळं काम उभं केलं, ते मात्र कमी लोकांना माहीत आहे. पोरं मोकळ्या जागेवर आपसूक जमतात. मुलींना वेळ राखून द्यावी लागते, नाही तर त्या येत नाहीत.

खेळानं सगळं जुळतं असं मी म्हणणार नाही. इराकमध्ये आयसिसनं उठवून लावलेल्या ख्रिस्ती तरुणांच्या फुटबॉल संघांवर सल्मा मूसा या अभ्यासक बाईंनी केलेलं काम २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात आलं. काही संघांत त्यांनी मुस्लिम खेळाडू घातले, काहींत सगळे ख्रिस्तीच ठेवले. मिश्र संघातले ख्रिस्ती खेळाडू पुढच्या मोसमातही मिश्र संघात खेळायला तयार झाले, महिने उलटल्यावरही मुस्लिम मुलांबरोबर सराव करत राहिले. पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांशी वागताना त्यांच्यात तसा बदल दिसला नाही. जवळीक सोबत्यांपुरती राहिली. मला हा निष्कर्ष निराश करणारा वाटत नाही. एका संघापुरती जवळीक होते, एवढं नक्की असेल, तर ज्या गावात एकूण दोनशे घरं आहेत तिथं दोन संघ म्हणजे थोडी गोष्ट नव्हे. पण एक अट त्यातून स्पष्ट होते आणि ताईनं ती कुठलाही अभ्यास न वाचता ओळखली आहे. गाव विरुद्ध गाव असा सामना लावला तर भांडण मैदानावर येतं. एका संघात दोन्ही गावं घातली तर हरणंही दोघांचं होतं.

दुसरी पाळी सुरू होते. लहान गटाची, सात मिनिटांची. आता तांड्यावरची लाल रिबीन धावते आहे. ती साखळी पळते. एका बसलेलीच्या पुढून, दुसरीच्या मागून, पुन्हा पुढून, एक लय धरून ती सरकत जाते. पाठलाग करणाऱ्या एकीला खो देत, दुसरीला खो देत दमतात. तिची आजी काठावर आली आहे, घागरा-कांचळीतली, हातात काठी. तांडा इथून दीड-दोन किलोमीटर. आजी रोज नातीला न्यायला येते. पलीकडच्या गावच्या दोन बाया तिला बसायला जागा करून देतात. हेही आधी होत नव्हतं, माझ्या शेजारची आई हळूच सांगते.

लग्नकार्यात अजून पंगत वेगळी पडते. हेही तीच सांगते. ते मी लिहून ठेवतो. खो-खोनं जात जात नाही. पण तांड्यावरची आजी आणि पलीकडच्या गावची बाई शेजारी बसून एकाच पोरीसाठी ओरडतात, हे मी डोळ्यांनी बघतो आहे आणि तेही तितकंच खरं आहे.

पाळ्यांच्या मधे पोरी फोनभोवती गोळा होतात. ताईच्या फोनवर जानेवारी २०२५ मधल्या पहिल्या खो-खो विश्वचषकाचा अंतिम सामना आहे. दिल्लीचं इंदिरा गांधी स्टेडियम, मॅटचं मैदान, दिवे. भारताच्या मुली नेपाळला ७८–४० असं हरवतात. कर्णधार प्रियांका इंगळे, महाराष्ट्राची. पोरींना सगळा सामना तोंडपाठ आहे, कुठं कोण सूर मारते तेसुद्धा. "आता पाय, आता पाय," एक म्हणते आणि सगळ्यांचा श्वास थांबतो, जणू निकाल बदलू शकतो.

"मॅटवर गुडघे फुटत नसतील ना?" उंच मुलगी विचारते.

"मॅटवर जायचं तर आधी इथं फोडा," ताई सांगते. शालेय स्पर्धा तालुक्यापासून सुरू होतात, मग जिल्हा, मग अमरावती विभाग, मग राज्य. गेल्या वेळी या पोरी तालुक्यातून पुढं गेल्या आणि जिल्ह्याला हरल्या. यवतमाळच्या नेहरू स्टेडियमवर इतकी माणसं त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. हरल्याचं दुःख त्या सांगत नाहीत, एसटीत परत येताना कोण कुणाच्या मांडीवर झोपलं ते सांगतात.

नोकरीचा विषय निघतो. पोरी तेरा-चौदाच्या, पण नोकरी हा शब्द या गावात प्रत्येकाच्या बोलण्यात येतो, कारण त्याचा कागद घरात आहे. प्रकल्पग्रस्तांना सरकारी नोकऱ्यांत ५ टक्के समांतर आरक्षण आहे. एका वेळी घरातल्या एकाच माणसाच्या नावावर तो दाखला चालतो.

"तुझ्या घरी कोणाच्या नावावर आहे?" मी एकीला विचारतो.

"दादाच्या."

दुसरी म्हणते दादाच्या. तिसरीचा भाऊ अजून पाचवीत आहे, दाखला त्याच्यासाठी ठेवला आहे. चौथीला भाऊ नाही. तिच्या घरी तो चुलतभावाच्या नावावर करायचं चाललं आहे.

ताई गप्प ऐकते. मग म्हणते, "खेळाडूंनाही ५ टक्केच आहे. तो दाखला मात्र जी खेळते तिच्याच नावावर निघतो. तो दादाला देता येत नाही."

पोरी तिच्याकडे बघत राहतात. ताई त्यांना खोटी आशा लावत नाही. त्यासाठी राज्य, राष्ट्रीय पातळीवरची कामगिरी लागते, प्रमाणपत्र तपासून घ्यावं लागतं, हे ती लगेच सांगते. तरी काहीतरी आपल्या एकटीच्या नावावर असू शकतं, हे वाक्य या पोरींनी ऐकलं आहे आणि मला वाटतं, आजच्या संध्याकाळी त्यांच्या हाती पडलेलं ते सर्वांत मोलाचं आहे. जमीन बापाच्या नावावर गेली, मोबदला बापाच्या नावावर आला, प्लॉट बापाच्या नावावर मिळाला, दाखला भावाचा झाला. एका मुलीच्या नावावर या सगळ्या व्यवहारात काहीच आलं नव्हतं.

पाच वाजतात. मुलांचं टोळकं बॅट घेऊन येतं. त्यांच्यात कुणी खलनायक नाही. त्यांनाही दुसरी जागा नाही. या गावठाणात शाळेमागची हीच एक मोकळी जागा उरली आहे, तीही दिवाळीच्या आसपास सोयाबीनच्या ढिगांनी भरते, लग्नसराईत मांडवानं. आजही एका कोपऱ्यात ट्रॅक्टरची ट्रॉली उभी आहे आणि तुरीचं वाळवण पसरलेलं आहे. मैदानाला कुंपण नाही. गावठाणाच्या नकाशावर जेवढी जागा दाखवली होती, तेवढी आज उरलेली नाही, असं आजोबा फाइलवर बोट ठेवून सांगतात.

"किती वेळ?" एक मुलगा विचारतो.

"साडेपाच," ताई म्हणते.

"रोज साडेपाच म्हणता, अंधार पडते मग आम्हाले."

"सकाळी तुमचं असते. आम्हाला सकाळी पाणी भरा लागते," लाल रिबीन मधेच बोलते. सातवीतली पोर, समोर बारावीतले मुलगे. मुलगा काही बोलायला जातो, थांबतो आणि ट्रॉलीला टेकून बसतो. थोड्या वेळानं तोच काठावरून ओरडायला लागतो, "मागं हाय, मागं हाय तुह्या!"

ताई मला सांगते की अर्ज तयार आहे. शाळेमागचं मैदान मोजून घ्यावं, कुंपण घालावं आणि संध्याकाळी साडेचार ते साडेपाच ही वेळ मुलींच्या खेळासाठी राखून ठेवावी, असा ठराव ग्रामसभेनं करावा. अर्ज पोरींनीच लिहिला आहे, खाली वीसेक सह्या आहेत. पलीकडच्या गावच्या आणि तांड्यावरच्या मुलींनीही सह्या केल्या आहेत. त्यांच्या घरच्यांना या ग्रामसभेत मत नाही, पण खेळ त्या मुलींचाही आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, तिथं तो आधी मांडायचा. माझ्या शेजारची आई म्हणते, "मी बोलतो तिथं. मले काय भेव हाये आता."

साडेपाचला शिट्टी होते. पोरी खांब उपटून शाळेच्या व्हरांड्यात ठेवतात, कारण बाहेर ठेवले तर कुणाच्या चुलीत जातील. लाल रिबीन आजीचा हात धरते. पलीकडच्या गावच्या चौघी त्यांच्याबरोबर निघतात. तांड्याच्या वाटेवर रोही आणि रानडुकरं असतात, म्हणून सगळ्या मिळून तांड्यापर्यंत जायचं आणि मग चौघींनी आपल्या गावाकडे वळायचं, असं त्यांनी आपसांत ठरवलं आहे. त्यांना हे कुणी सांगितलेलं नाही.

ग्रामसभा २६ जानेवारीला आहे. बेंबळा असो, उजनी असो, कोयना असो, महाराष्ट्रात धरणांनी उठवलेली गावं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत आणि त्यांच्या नव्या गावठाणांत मैदान कायद्यानं मिळायचं आहे. तुम्ही अशा गावात राहत असाल किंवा शेजारच्या गावात, तर त्या दिवशी ग्रामसभेला जा, गावठाणाचा मंजूर नकाशा मागा, मैदानाची मोजणी करून घ्या आणि संध्याकाळचा एक तास मुलींच्या नावानं ठरावात लिहून घ्या.